खोगिराचं बक्कल
"खोगीर फिरलं! धरा रं दाजींना!" असं कुणीतरी बोंबललं, तोवर मी खोगिरासकट घोडीच्या पोटाखाली पोचलोही होतो. मुठा खोऱ्यातली जत्रा, गाड्यांची शर्यत आणि माझ्या बैलांची पहिलीच बारी. पुढं घोडी पळते आणि तिच्या मागं बैल उधळतात. ते घोडीवरचं काम मी कुणाला दिलंच नव्हतं. माझ्यासारखा स्वार सात खोऱ्यांत नाही, हे सकाळपासून निदान सातशे माणसांना पटवलं होतं. घोडी मेव्हण्याची, म्हणजे लग्नात ज्यानं माझा कान पिळला त्याची. खोगिराचा पोटाखालचा पट्टा त्यानंच आवळला, लोखंडी बक्कल शेवटच्या भोकात अडकवलं आणि "बसा" म्हणाला. सख्ख्या भावावर ठेवावा तसा मी विश्वास ठेवला. घोडीनं धावता धावता श्वास सोडला, तिचं पोट वीतभर आत गेलं, पट्टा लोंबला आणि मी असा आपटलो की मुळशी धरणाचं पाणी हललं असेल. बैल बावरून करवंदीत शिरले. बारी गेली. ही घोडी बक्कल लावताना पोट फुगवते, चार पावलं चालवून पुन्हा आवळावं लागतं, हे मला मागाहून एका म्हाताऱ्यानं सांगितलं. आज मेव्हणाही नाही आणि घोडीही नाही, पण ते गंजकं बक्कल खुंटीला दिसलं की पडल्याची नाही, त्या संध्याकाळची कळ येते. मी मेव्हण्याला विचारलं होतं, "तुला ठावं न्हवतं व्हय रं?" घोडीपुढं वैरण टाकत तो म्हणाला, "ठावं व्हतं की. पर दाजी, तुमी लई बोलत व्हता."