आत्या उठून गेल्यावर पुसलेली खुर्ची

माझा सगळ्यात जास्त राग फिनाईलच्या वासावर आहे. आमच्या अमरावतीत घर स्वच्छ आहे की नाही, हे नाकाने ठरवतात. फरशीवर फिनाईल ओतलं, पोछा फिरवला, घरभर वास सुटला, की झालं. त्याच पोछ्याने आधी न्हाणी पुसलेली असते, मग स्वयंपाकघर. आणि दाराची कडी, लाइटची बटणं, नळाची तोटी, ज्यांना दिवसभर अख्ख्या घराचे हात लागतात, त्यांना दिवाळीशिवाय कुणी फडकं लावत नाही.

एरवी मी इतकं मनावर घेतलं नसतं. पण माझी लेक दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. नातू एवढासा, काचेच्या पेटीत राहून घरी आलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, याला साधी सर्दीही झेपायची नाही. हात धुतल्याशिवाय कुणी जवळ यायचं नाही आणि जिथे हात लागतात त्या जागा पुसत जा.

मी नेम धरला. आधी साबणाच्या पाण्याने मळ काढायचा, मग ब्लीचचं पाणी लावायचं. तेही बाटलीवर लिहिलंय तेवढंच, रोज ताजं, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. लावल्यावर थोडा वेळ ओलं राहू द्यायचं. लावलं की लगेच कोरडं केलं, तर जंतू काय मरणार, कपाळ? शेजारीण पाहून म्हणाली, "त्यात थोडं ॲसिड टाक ना वं, जोर येते."

"जोर येते, पण आपल्याच छातीत," मी म्हटलं. "दोन्ही एकत्र झाले का विषारी वाफ सुटते."

"आमी तं नेहमीच टाकतो," ती म्हणाली. हिचा खोकला काहून जात नाही, ते मला तेव्हा कळलं.

त्यात बाळ पाहायला येणाऱ्यांची रीघ. एक काका शिंकत आले आणि थेट पाळण्यात हात. अडवलं तर म्हणे, "आमची पोरं नाई जगली काय?" जगली बाप्पा, पण माझ्या नातवाचा जीव तुमच्या रुमालात नका घालू. ते रुसून गेले. जाऊ दे म्हटलं. कोणीही उठून गेलं की मी मागून सगळं पुसून काढायची.

मग अकोल्याहून माझी आत्या आली. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. न सांगता हात धुतले, दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली, बाळाला छातीशी धरून डोळे पुसले. बसची वेळ झाली तशी निघाली. मी बादली आणली आणि खुर्चीचे हात पुसायला लागले, सगळ्यांच्या मागून पुसते तसेच. आत्या चष्मा विसरली होती. ती परत आली.

"मी बसली होती, थेच पुसून राहिली काय?"

आत्याचं लहानपण पातूरकडच्या एका खेड्यात गेलं. तिची आई ज्या घरी कामाला जायची, तिथे पायरीवर टेकली की ती उठल्यावर घरधनीण त्या जागेवर पाणी ओतायची. लहानगी आत्या चालता चालता मागे वळून ते पाहायची. धम्म घेऊन आमच्या घराला पिढ्या झाल्या, पण ते पाणी तिच्या डोळ्यांपुढून गेलं नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्यावर नाही, त्या पाणी ओतणारीवर. स्वतःच्या न्हाणीत शेवाळ आणि माणसाच्या बसण्याचा विटाळ. जंतू कोणाची जात विचारत नाही, ही विचारायची. मेली कधीच मरून गेली असेल, पण माझ्या हातातलं साधं फडकंसुद्धा नासवून गेली. आता माझ्या नातवाला जपायचं, तर माझ्या आईसारख्या बाईचा अपमान झाल्याशिवाय जपता येऊ नये?

"आत्या, मी साऱ्याइच्या मागून पुसतो. माह्या सोताच्या हाताचं बी पुसतो," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा.

तिने चष्मा घेतला, पाळण्याकडे पाहिलं.

"पुस बाई. लेकरू नाजूक आहे," ती म्हणाली. "पण माह्या डोयासमोर पुस. पाठ फिरल्यावर नको पुसू."

मी तिच्यासमोर खुर्ची पुसली. तिने कडीला हात लावून दार उघडलं आणि जिना उतरायला लागली. ती कडी पुसायलाच हवी होती. मी फडकं हातात घेऊन उघड्या दारात उभी राहिले. मधल्या पायरीवर आत्याने मागे वळून पाहिलं. मग मी कडी पुसली. तिने मान हलवली आणि खाली उतरून गेली.