शारजात बर्फाच्या लाद्या

शारजाच्या औद्योगिक भागातल्या आमच्या गॅरेजमध्ये बर्फावर पळणारी गाडी आली, तेव्हा सगळे पोट धरून हसले. मी नाही हसले. पुढे दोन स्की, मागे चाकांऐवजी रबराचा रुंद पट्टा. गाडीचा मालक, एक हौशी अरब, ती हिवाळ्यात लेबनॉनच्या डोंगरावर नेणार होता. बर्फात पट्टा घसरू नये म्हणून त्याला पट्ट्यावर पोलादी टोकदार खिळे बसवून हवे होते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी पुण्याहून मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन शारजाला आईबाबांकडे परत आले होते. गॅरेजच्या शेठनी मला ठेवलं ते फोन उचलायला. हातात पाना मी भांडून घेतला. बाबांना तर दोन्ही पसंत नव्हतं. अबुधाबीत त्यांच्या ओळखीच्या ऑफिसात एसीतली खुर्ची माझ्यासाठी बघून ठेवली होती त्यांनी.

"नखं बघ तुझी! कोण लग्न करणार?"

"नखांशी थोडंच करायचंय कुणाला?" मी म्हणायचे.

तर खिळे. अरबाने सगळ्यात लांब आणले होते. मी पट्ट्याच्या वरची जागा मोजली. तिथे गाडीचा रेडिएटर. पट्टा फिरला की लांब खिळे तो फाडणार, पाणी गळणार, इंजिन तापणार आणि हा गडी डोंगरात अडकून बसणार. मी सरळ सांगितलं, हे बसवणार नाही, आखूड मागवा.

शेठ भडकले. "बेटी, कस्टमर बोला बडा, तो बडा! तूने बर्फ देखा है कभी?"

"फ्रिज में देखा है."

"ठीक है, छोटा लगा. लेकिन गाडी फिसली, तो कल से सिर्फ फोन उठाना!"

नुसता फोन म्हणजे बाबांचंच खरं, म्हणजे अबुधाबी. तरी आखूडच बसवले. रबराला भोकं पाडायची, आतून खिळा घालायचा, बाहेरून चकती लावून नट आवळायचा. बोटं सोलून निघाली.

आता गाडी चालवून बघायला बर्फ कुठून आणायचा? मासळीबाजाराला लाद्या पुरवणारा कारखाना होताच की! लाद्या आवारात ओळीने मांडल्या, सगळ्यात मागची भिंतीला टेकवली, म्हणजे पट्ट्याच्या रेट्याने लाद्या मागे सरकायला नको, आणि गाडी भिंतीकडे पाठ करून त्यांवर चढवली. तेवढ्यात बाबा मला न्यायला आले. दुसऱ्या दिवशीची अबुधाबीची मुलाखत ठरवूनच आले होते, आणि इस्त्रीचा शर्ट घालून लाद्यांशेजारी उभे राहिले.

अरब गाडीवर बसला. यल्ला, चला! पट्टा फिरला, बर्फाचा चुरा उडाला, आणि गाडी जरासुद्धा न घसरता लाद्यांवरून पार गेली. बाबा भिजले.

"किसने लगाया?" अरबाने विचारलं.

"हमारे गॅरेज ने..." शेठनी सुरुवात केली.

"मैंने!" मी ओरडलेच.

बाबांनी शर्ट झटकला. "हात धुऊन घे. उद्या मुलाखत आहे."

"मुलाखत झाली, बाबा. तुमच्यासमोरच झाली."

घरी गेल्यावर बाबांनी मुलाखतीसाठी माझा ड्रेस इस्त्री करून ठेवला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण सकाळी मी गॅरेजमध्येच गेले, एका पिकअपखाली शिरले. टेबलावरचा फोन वाजत राहिला, वाजत राहिला. शेवटी शेठनी उचलला.