रविवारची कचेरी

बेंबळीच्या शंकरप्पांची महादेवी हट्टी आहे असं सगळं गाव म्हणायचं, आणि गाव त्यात काही खोटं बोलत नव्हतं. निजामाच्या राज्यात पुढची शाळा उर्दूत, त्यातून मुलींच्या शाळेचं नावच काढायला नको. तेव्हा हिनं तीन दिवस अन्नाला हात लावला नाही, आणि चौथ्या दिवशी सोलापूरला बसप्पामामाकडं जाऊन मराठी शाळेत नाव घालून घेतलं. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात. बेंबळीहून मोटारीनं अर्ध्या दिवसाची वाट, पण मध्ये हद्द, नाका आणि झडती. “शंकरप्पाची पोर परमुलखात शिकती,” हे सांगताना गावातल्या बायका आवाज असा खाली आणायच्या, की ऐकणाऱ्याला वाटावं पोर पळूनच गेली.

सातवी झाल्यावर ती तिथंच ट्रेनिंगला राहिली. शेहेचाळीस साली ती अठरा वर्षांची होती, मास्तरीण होणार होती आणि अजून लग्न झालं नव्हतं. यातला कुठला गुन्हा मोठा, यावर भावकीत एकमत नव्हतं.

ट्रेनिंगच्या सगळ्या मुलींनी वसतिगृहातच राहायचं; तिथं तिची खोली हमीदाबरोबर. हमीदा सोलापूरच्या उर्दू मास्तरांची मुलगी, जिभेनं तिखट आणि मनानं मोकळी. सोलापुरात निजामाच्या हद्दीला ‘मोगलाई’ म्हणत आणि तिथून आलेल्या माणसाला ‘मोगल’. त्यामुळं हमीदा या लिंगायताच्या पोरीला दिवसभर “ए मोगल, ऊठ की” म्हणून हाका मारायची आणि स्वतःच पोट धरून हसायची.

“एकदा तुझी मोगलाई दाखव तरी,” हमीदानं माघात धोशा लावला. “धाराशिवला माझी खाला हाय, मावशी. शनिवारी जाऊ, रविवारी येऊ.”

महादेवीला जायचं होतं आणि भीतीही वाटत होती. सोबत बाप्या माणूस असल्याशिवाय हद्द ओलांडायची नाही, ही अप्पांची अट होती. अट मोडली तर शिक्षण बंद. अप्पा बोलले की बोलले. पण तिनं हिशोब मांडला: रविवारी कचेऱ्या बंद, मग बेंबळीचं कोण कशाला धाराशिवला मरायला येतंय?

शनिवारी दोघी निघाल्या. नाक्यावर शिपायानं पेटीतली पुस्तकं उलटीपालटी केली आणि कंटाळून सोडून दिली. खालानं महादेवीसाठी अंगणात वेगळी चूल मांडून दिली. “तुझं तू करून खा बाई, पण उपाशी झोपू नको,” म्हणाली. रविवारी सकाळी दोघींनी दर्गा बघितला, बाजारात बांगड्या भरल्या, गरम भजी कागदात घेऊन रस्त्यानं खात चालल्या. दोन तरण्या पोरी, रस्त्यात, खात! महादेवीला इतकं मोकळं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आणि कचेरीसमोर तिचे पाय थांबले. कचेरी सताड उघडी. ओट्यावर माणसांची दाटी, कागद घेऊन पळणारे शिपाई.

“रविवारी कचेरी?” ती म्हणाली आणि तिनं कपाळावर हात मारला. सुट्टी इथं शुक्रवारी! जन्म इथं गेला, आणि चार-पाच वर्षं परमुलखात काढल्यावर आपल्याच मुलखाचा सुट्टीचा वार ही बया विसरली.

तेवढ्यात तिला ओळखीचा पटका दिसला. आत पेशकाराच्या, म्हणजे कचेरीतल्या कारकुनाच्या, मेजापुढं हात जोडून अप्पा उभे होते.

शहाणी मुलगी पळाली असती. हमीदा तिचा दंड ओढतही होती. पण महादेवीनं अप्पांना कुणापुढं हात जोडलेले कधी बघितले नव्हते, स्वामींचे पाय धरताना सोडून. भजी तिथंच टाकून ती आत गेली.

“अप्पा, काय झालं?”

अप्पांनी वळून बघितलं. आधी त्यांना खरं वाटेना, मग चेहरा असा लाल झाला की ओट्यावरची माणसं बाजूला सरली. पण ओरडण्याआधी पेशकारच बोलला, “हीच का ती मास्तरीण? अच्छा हुआ.”

मग सगळं कळलं. दिवाळीच्या सुट्टीत महादेवीनं गावात घराच्या ओट्यावर अकरा मुली जमवून त्यांना मुळाक्षरं शिकवली होती. पंधरा दिवसांचा खेळ. पण सरकारला न विचारता शाळा काढणं हा गुन्हा, आणि कुणीतरी चुगली केली होती. आता बापानं मुचलका, म्हणजे हमीचा कागद, लिहून द्यायचा होता. अप्पांनी हे तिला कळवलंही नव्हतं.

“काय न्हाय गं,” अप्पा दबक्या आवाजात म्हणाले. “विचारल्याबिगर वर्ग घेनार न्हाय, एवढंच लिवलंय. सही केली की सुटलो.”

“तुमी वाचलं व्हय?”

अप्पांना मोडी यायची, कानडी यायचं. कागद उर्दूत होता.

हमीदानं मेजावर वाकून बघितलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “काका, असं न्हाय लिवलेलं. पंधरा दिवसात मुलीला इंग्रजी मुलखातून परत आणीन आणि पुन्हा कदीच शिकायला धाडनार न्हाय, असं हाय.”

“तू कौन?” पेशकार उसळला.

“पढनेवाली,” हमीदा म्हणाली.

महादेवीच्या अंगाची आग झाली. भीती कुठल्या कुठं गेली. “वर्ग म्या घेतला,” ती म्हणाली. “मुचलका माझ्याकडून घ्या. आन् लिवून ठेवा, उन्हाळ्यात पुन्हा घेनार हाय. अकरा न्हाय, बावीस बसवीन!”

पेशकारानं कागद अप्पांपुढं सरकवला. “पोरीच्या जबानीला किंमत नाही. दस्तखत बापाची. नाही तर बाप आत बसेल.”

“अप्पा, करू नगा. तुमच्या पाया पडते, करू नगा!”

“गप बस!” अप्पा कडाडले. “पोरीच्या जातीनं बोलायचं न्हाय मधी.”

त्यांनी टाक उचलला. महादेवीचे डोळे भरून आले. रागानं, दुःखानं नाही. इतकी वर्षं, तो उपास, ती झडती, सगळं एका टाकाच्या टोकाला आलं होतं, आणि ज्या माणसाच्या बळावर ती उड्या मारत होती तोच ते पुसायला निघाला होता. या बापाशी जन्मात बोलायचं नाही असं तिनं ठरवूनही टाकलं.

अप्पा सावकाश लिहू लागले, डावीकडून उजवीकडं, गोल गोल अक्षरात.

“ये क्या?” पेशकारानं मान तिरकी केली.

“कानडी, सरकार. आमी लिंगायत. आमची सही कानडीच.”

महादेवी चपापली. अप्पांची सही उभ्या जन्मात मोडीत. तिनं डोळे पुसले आणि वाचलं, घरची कानडी तिलाही यायची. तिथं शंकरप्पाही नव्हतं आणि बेंबळीही नव्हतं. दोनच शब्द होते: ‘ओप्पिगे इल्ल’. मंजूर नाही.

पेशकारानं फुंकर घालून शाई वाळवली, त्यावर शिक्का हाणला आणि कागद गठ्ठ्यात टाकला.

तिघं बाहेर आली. मोटारीच्या अड्ड्यापर्यंत अप्पा झपाझपा पुढं चालत राहिले. हमीदा पदराआड हसू दाबत होती, तिला महादेवीनं कानडीचा अर्थ सांगितला होता.

अड्ड्यावर अप्पांनी तोंड उघडलं आणि मग मात्र थांबेनात. बिनसोबतीची आलीस, बापाला फसवलंस, भर रस्त्यात काय खात होतीस, लाज कुठं सांडलीस. महादेवीनं सगळं ऐकून घेतलं. ते चुकीचं काही बोलत नव्हते.

“अप्पा,” शेवटी ती म्हणाली, “त्यांना कळलं तर?”

“कळू दे. त्यांनी मला वाचता येईना असला कागद दिला, म्या त्यांना वाचता येईना असली सही दिली. आत घातलं तर बसतो आत.”

“मंग माझं शिक्शान?”

“परीक्षा देऊनच घरी यायचं. त्याच्या आदी हद्दीत दिसलीस तर टांग तोडीन.” सोलापूरची मोटार आली. अप्पांनी दोघींना आत बसवलं, दार धरून क्षणभर उभे राहिले आणि दुसरीकडं बघत म्हणाले, “आन् बावीस न्हाय, तेवीस धर. तुजी आय बी बसायचं म्हनती.”