वनाचा तारेचा ब्रश

माझा भाऊ वना आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोहण्याच्या तलावाच्या भिंती घासत आला आणि आता म्हातारपणी सख्ख्या पुतण्याच्या तलावाच्या घासतो. कोणी म्हणेल, भागाबाई, यात रडण्यासारखं काय आहे? रडत नाहीये मी. मला राग येतो. पुतण्याचा येतो आणि भावाचाही येतो, खोटं कशाला बोलू?

तरुणपणी तो सुरतेला एका मोठ्या क्लबात लागला. आपल्या खान्देशातली निम्मी पोरं तिकडे यंत्रमागावर जातात, हा गेला पाण्याकडे. तिथला तलाव आतून नुसत्या सिमेंटचा. पावसाळ्यात भिंतींवर शेवाळ असं धरायचं की तारेच्या ब्रशाशिवाय निघायचंच नाही. लांब दांड्याला ब्रश अडकवायचा, काठावर उभं राहून वरून खाली दाबत आणायचा, एका पट्ट्यावर दुसरा थोडा चढवायचा. घाई केली की मळ पाण्यात उठतो आणि दिवसभर पाणी गढूळ राहतं. गावी आला की तो हे सगळं मला ओट्यावर केरसुणी घेऊन करून दाखवायचा. मी म्हणायची, पुरे रे बाबा, त्यानिमित्तानं ओटा तरी झाडून दे.

त्याची बायको लवकर गेली, पोरबाळ नाही. जीव लावला तो भूषणला. भूषण म्हणजे आमच्या झुलालचा मुलगा. झुलाल आमचा मधला भाऊ, आता तोही नाही. हा भूषण दर उन्हाळ्यात सुरतेला काकाकडे पळायचा. क्लब उघडायच्या आधी वना त्याला गुपचूप पाण्यात उतरवायचा आणि पोटाखाली हात धरून पोहायला शिकवायचा. मॅनेजरनं पाहिलं असतं तर त्याच दिवशी नोकरी गेली असती.

पुढे भूषणनं पारोळ्याजवळ, हायवेला लागून असलेल्या शेतात भरीत पार्टीचं ठिकाण काढलं. धुळ्या-जळगावची माणसं रविवारी पोराबाळांसकट येतात, भरीत खातात, पोरं डुंबतात. त्यासाठी त्यानं तलाव बांधला आणि पहिला फोन वनाला केला. "नाना, बस झालं दुसऱ्याचं. घरी या. आपला तलाव आहे." मी तिथंच होते. वांगी भाजायला आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायला मीच तर आहे. वना आला. सुरतेची खोली सोडून, भांडीकुंडी वाटून आला. पगाराचं त्यानं विचारलं नाही आणि ह्यानं काढलं नाही. घरच्या माणसाला कसला पगार? वनाला एवढंच हवं होतं, मरेपर्यंत घरचा माणूस म्हणून राहायचं.

ब्रश घ्यायला दोघं जळगावला गेले. दुकानदार रोनकशेठनं आधी विचारलं, "तलावाला आतून काय आहे? फरशी, रंग की सिमेंट?" ठेकेदारानं निळा रंग मारला होता, फरशी महाग पडते म्हणून. रोनकशेठ म्हणाला, मग नायलॉनचा न्या, तारेचा रंग सोलून काढील. झालं! वनाला राग आला. "रंगना खाले सिमेंटच शे ना? माले शिकाडस का रे तू?" भूषण म्हणाला, "नाना म्हणतील तोच द्या." हे भूषणनंच घरी येऊन कौतुकानं सांगितलं. मीही हसले. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पावसाळ्यानंतर भिंती हिरव्या झाल्या. दिवाळी सरली आणि मोठं गिऱ्हाईक ठरलं, म्हणून वनानं अंगातलं सगळं बळ लावून घासलं. शेवाळ गेलं, आणि त्याबरोबर निळा रंगही पट्ट्यापट्ट्यांनी गेला. भिंत अंगावर कोड फुटल्यासारखी दिसायला लागली. ब्रशाच्या तुटलेल्या तारा पायऱ्यांच्या खोबणीत राहिल्या, त्या कुणालाच दिसल्या नाहीत.

रविवारी धुळ्याच्या एका साहेबांची लेक पायरीवर उतरली आणि किंचाळली. टाचेत गंजलेली तार. साहेब खवळला. "कोण आहे तुमच्याकडे हे काम करणारा?" वना दोन हातांच्या अंतरावर उभा होता, पोरीचा पाय धुवायला तांब्या घेऊन. भूषणनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "रोजंदारीचा माणूस आहे साहेब. आजच काढून टाकतो." आणि वनाला, "ए, सरक तिकडं!"

माझी भाकर तव्यावर करपली.

गिऱ्हाईक गेल्यावर भूषण आला. "नाना, मनाला लावून घेऊ नका. गिऱ्हाईकासमोर बोलावं लागतं." वना म्हणाला, "खरं शे भाऊ, मनी चुकी शे." चूक त्याची होतीच. मी कुठं नाही म्हणते? पण चुकलेल्या काकाला शिव्या घाल ना! चार लोकांत ओरड, 'नाना, हे काय करून ठेवलं?' म्हण. तो माणूसच आपला नाही म्हणतोस?

दुसऱ्या दिवशी सकाळी भूषण फोनवर बोलत तलावाशी उभा होता. वना मुद्दाम जवळ गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "शेठ, नवा ब्रश लागी." त्याला वाटलं, पोराला झोंबेल, पोरगा म्हणेल, नाना, हे काय बोलता? भूषणनं फोनवर हात ठेवला. "हां, नायलॉनचा आण. आणि आधी त्या पायऱ्या घासून घे."

वनानं पायऱ्या घासल्या. त्या दिवशीच त्यानं घराच्या ओसरीवरची आपली खाट उचलून पंपाच्या खोलीत नेली. जेवायला गड्यांच्या पंगतीला बसला.

मी भूषणला धरलं. "मेल्या, ज्यानं तुला पाण्यात तरायला शिकवलं, त्याचा तू शेठ झालास?" तर म्हणतो, "आत्या, मी कुठं म्हटलं शेठ म्हणा? त्यांनीच सुरू केलं. आणि खरं सांगू, गिऱ्हाईकासमोर तेच बरं दिसतं." वनाला म्हटलं, ऊठ, खाट परत आण. तो हललाच नाही. असा हट्टी.

मग एकदा तोच माझ्याकडे चुलीपाशी आला. "अक्का, गड्यासले हप्त्याले सुट्टी ऱ्हास ना? मनी भी सांग त्याले."

मी सांगितलं. मला वाटलं, आता तरी ह्याच्या पोटात तुटेल. भूषण म्हणाला, "बुधवारी गर्दी नसते. बुधवार घेऊ दे."

तेव्हापासून बुधवारी वना धुतलेला सदरा घालतो आणि सकाळीच निघतो. कुठं जातो, सांगत नाही. परवा मी बाजाराला गेले तर पारोळ्याच्या स्टँडवर बाकड्यावर बसलेला दिसला. धुळ्याची गाडी लागली, सुटली. जळगावची लागली, सुटली. हा बसूनच. मला हाक मारवली नाही. दिवेलागणीला परत आला, तेव्हा विचारलं, "कुठं गेला होतास रे?"

"सुट्टी व्हती ना," म्हणाला, आणि पंपाच्या खोलीत गेला.