बबनरावांचा उजवा हात

पिंपरीला उतरलो तेव्हा कंपन्यांच्या फाटकांवर झेंडूची तोरणं होती. खांडेनवमी होती (दसऱ्याचा आदला, हत्यारं पुजून त्यांना विश्रांती द्यायचा दिवस). मुलांनो, तुमच्यासाठी बॉक्सिंगच्या एका चॅम्पियनची गोष्ट आणायला मी निघालो होतो. घाईत भलत्याच एसटीत चढलो आणि चिखलीला त्याच्या घरची निम्मी वाट तंगडतोड करत गेलो. अति घाई संकटात नेई, दुसरं काय!

बबनराव दारात उभे होते. गावच्या तालमीत कुस्ती खेळणारा हा गडी कंपनीत लागला, तिथंच बॉक्सिंग शिकला आणि राज्यात पहिला आला. मी हात पुढे केला. त्यांनी डावा दिला. उजव्याला अंगठा तेवढा उरला होता. बाकीची बोटं प्रेस मशीनखाली (पत्रा दाबून कापणारं यंत्र) गेली होती.

"मूठच वळत न्हाई, पावनं. पोरांना काय सांगू?" ते हसले. मला हसता आलं नाही.

त्यांच्या पत्नी कौसाबाईंनी पुरणपोळी वाढली. बबनराव डाव्या हातानं जेवत होते, उजवा मांडीखाली.

"आज कंपनीत घरच्यांना, पावण्यांनाबी सोडत्यात. गेल्या साली समदे जोडीनं पूजेला, मी एकलाच हुबा. आज तरी चल."

"त्या मशिनीला कुंकू लावू?" कौसाबाई कडाडल्या. "तिनं तुमचा हात खाल्ला!"

"आपलं पोटबी तिच्यावरच हाय."

जेवणं उरकल्यावर मात्र कौसाबाईंनी पूजेचं ताट उचललं. मीही दोघांबरोबर निघालो.

कंपनीत सगळी यंत्रं धुऊनपुसून बंद ठेवली होती. त्या प्रेससमोर बबनरावांनी उदबत्ती लावली आणि बायकोकडे पाहिलं. कौसाबाईंनी चिमटीत कुंकू घेतलं. मग पाठीमागे लपवलेला नवऱ्याचा उजवा हात ओढून पुढे घेतला, त्यावर हळदकुंकू वाहिलं, तळव्यावर झेंडूचं फूल ठेवलं.

"आमचं हत्यार हे हाय. आज याला काम सांगायचं न्हाई."

बबनराव लहान मुलासारखे रडले. माझेही डोळे भरून आले. थोड्या वेळानं कौसाबाईंनी उरलेलं कुंकू मशीनलाही लावलं, पण तिच्याकडे न बघता.

मुलांनो, चॅम्पियनचा ठोसा मी काही पाहिला नाही. जिंकलेल्या लढतींबद्दल विचारायचंही राहून गेलं. फाटकाशी निरोप घेताना बबनरावांनी हात पुढे केला, तो उजवा. मी तो दोन्ही हातांत धरला. माझ्या तळव्यांना लागलेलं ते हळदकुंकू घरी पोचेपर्यंत मी धुतलं नाही.