चढा आवाज

टोरोंटोतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ऐन जानेवारीत हीटिंग बंद पडलं. आमच्या डावीकडे इस्रायलहून आलेला एक इंजिनिअर राहायचा. त्याचं भाडं त्याची कंपनी भरायची. उजवीकडे केनियाची एक बाई. तिकडे ती नर्स होती, इथे वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची. नुकत्याच आलेल्या भावाच्या कुटुंबालाही तिनं आपल्या एका बेडरूमच्या घरात सामावून घेतलं होतं.

बिल्डिंगचा मॅनेजर आला तेव्हा आम्ही तिघं कोट घालून कॉरिडॉरमध्ये उभे होतो. केनियाची बाई आधी त्याच्या तब्येतीची, मुलाबाळांची चौकशी करू लागली. कामाचं बोलण्याआधी असं विचारायची त्यांच्यात रीतच आहे. मॅनेजरनं सरळ घड्याळात पाहिलं आणि म्हणाला, "ऑनलाइन रिक्वेस्ट टाका."

इंजिनिअर भडकला. हा माणूस साखर मागतानाही भांडल्यासारखा बोलायचा, आज तर त्यानं अख्खी बिल्डिंग डोक्यावर घेतली. "आधी हिच्या घरात जा! आत्ताच्या आत्ता!" मॅनेजर निमूट तिच्या घरात शिरला. मी मनात म्हटलं, बरी जिरली मेल्याची!

तो बाहेर आला, पण हीटरबद्दल चकार शब्द नाही. "लीजवर तुमचं एकटीचंच नाव आहे ना? मग आत एवढ्या गाद्या कुणाच्या?"

तिनं पुढे होऊन दार ओढून घेतलं. तो गेल्यावर इंजिनिअर तावातावानं म्हणाला, "घाबरू नकोस, मी बोलतो त्याच्याशी."

"नको," ती म्हणाली. "तू ओरडलास की तुझं घर गरम होतं. माझं जातं."