साडूंचा दीड सेकंद

माझ्या साडूंनी आयुष्यात एकच अल्बम केला, आणि त्यातला एक खोकलासुद्धा त्यांनी कोणाला इकडचा तिकडे करू दिलेला नाही. ज्याने तो गायला, त्यालाही नाही. अल्बम वऱ्हाडी रॅपचा. वीस वर्षांपूर्वी अमडापुरात, त्यांच्या पिठाच्या चक्कीमागच्या खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून आणि भजनी मंडळाचा माइक मागून आणून केलेला. गाणी सात. त्याच्या सीड्या आधी काळीपिवळी जीपच्या चालकांबरोबर गावोगाव गेल्या, मग मोबाइलच्या दुकानांतून तो मेमरी कार्डांत भरला गेला. आज खामगावपासून अकोल्यापर्यंत ज्याला रॅप करायचा असतो, तो आधी हा अल्बम तोंडपाठ करतो. चारेक महिन्यांपूर्वी मुंबईच्या एका कंपनीने तो मोठ्या काळ्या तबकडीवर पुन्हा काढायचे ठरवले. करारावर दोघांच्या सह्या हव्या होत्या: ज्याने संगीत केले त्याची, आणि जो गायला त्याची. पहिले माझे साडू. दुसऱ्याने सोळा वर्षांत त्यांच्या चक्कीची पायरी चढलेली नव्हती. तो रविवारी दुपारी तीनला येतो, एवढाच निरोप आला होता. साक्षीदार म्हणून सही करायला मला बोलावले होते.

साडूंना जगातली प्रत्येक गोष्ट ठेक्यात ऐकू येते, आणि तो ठेका चुकला की त्यांना शारीरिक त्रास होतो. चिखलीच्या डॉक्टरांनी एकदा त्यांची नाडी मोजून बहात्तर सांगितली. साडू गंभीर झाले. ‘बारा कमी हायेत,’ ते म्हणाले. अल्बमचा वेग मिनिटाला चौऱ्याऐंशी ठोक्यांचा आहे. डॉक्टरांनी हे बहात्तर उत्तम असल्याचे दोनदा सांगितले. साडू घरी येईपर्यंत कोणाशी बोलले नाहीत. पोस्टात ते तिकिटावर पडणारा शिक्का ऐकण्यासाठी काम झाल्यावरही उभे राहतात. त्यांची बायको, म्हणजे माझी मेव्हणी, सांगते की लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ते चुलीपाशी येऊन बसले आणि म्हणाले, ‘तू भाकर थापतं तवा तिसरा हात जरा उशिरा पडते.’ ती बिचारी रडवेली झाली. दुसऱ्या दिवशी तिने तिसरा हात वेळेवर टाकायचा प्रयत्न केला, तर हे ताटावरून उठले. ‘काल तारीफ केली होती म्या,’ ते म्हणाले. त्यांची तारीफ कोणती आणि तक्रार कोणती हे ओळखायला तिला, तिच्याच शब्दांत, दोन लेकरं होईपर्यंत वेळ लागला.

अल्बमचा गाजलेला ठेका कुठून आला, याचे उत्तर त्यांच्या चक्कीच्या पट्ट्यात आहे. तो पट्टा एकदा तुटला आणि मध्ये तुकडा घालून जोडला गेला, त्यामुळे त्याला दोन जोड आहेत आणि दोन्ही जोडांमधले अंतर सारखे नाही. पट्टा फिरताना पहिला जोड चाकावर वेळेवर टक करतो आणि दुसरा किंचित उशिरा. साडूंनी तो आवाज कॉम्प्युटरवर घेतला, निम्म्या वेगाला आणला आणि त्यावर सातही गाणी उभी केली. आता लांबलांबची मुले चक्की पाहायला येतात. दाराशी चपला काढतात. एकाने विचारले, ‘सर, हा आवाज आमच्या गिरणीत का नाही येत?’ साडू म्हणाले, ‘गहू टाकला असशील. हा जवारीचा हाय.’ मुलाने ते वहीत लिहून घेतले. हा ठेका उचलून पुढे किती गाणी झाली याची मोजदाद नाही, आणि साडूंची त्याला हरकतही नाही. रस्त्याने जाणाऱ्या ऑटोतून तो ऐकू आला की ते पिठाचे हात तसेच ठेवून थांबतात. फक्त एखाद्याने कॉम्प्युटरच्या मदतीने दुसरी टक वेळेवर आणून ठेवलेली असली, तर मान हलवतात. ‘सरळ केला बे,’ म्हणतात. ‘मुडदा पाडला.’

तिसरे गाणे एका शब्दाच्या मध्यातच संपते. अमरावतीच्या एका तरुणाने त्यावर इंटरनेटवर मोठा लेख लिहिला. ‘शांततेचा इतका धाडसी वापर’ असे काहीसे त्यात होते. साडूंनी तो मला वाचायला लावला आणि विचारले, ‘धाडसी म्हंजे काय हो भाऊ? लाइन गेली होती.’

पण अल्बम ज्यामुळे अजून जिवंत आहे ती जागा पाचव्या गाण्यात आहे, आणि ती दीड सेकंदाची आहे. गाणारा त्या वेळी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता, साडूंचा शाळेपासूनचा मित्र. पुण्यात नोकरी धरायची म्हणून त्याने बोलण्यातून वऱ्हाडी काढून टाकायचा निश्चय केला होता आणि रॅपसुद्धा ‘शुद्ध’ करायचा असे त्याने ठरवले होते. पाचव्या गाण्यात तो भरात आला आणि ‘मले’ म्हणून गेला. लगेच जीभ चावल्यासारखे त्याने दुरुस्त केले: ‘मला’. पुन्हा गायचे ठरले. पण दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा साडूंनी तेवढाच तुकडा कापून त्याची फेरी केली होती, आठ वेळा: मले-मला, मले-मला. गाण्याचे तेच धृपद झाले. जिल्हाभर पोरे ते म्हणू लागली. मित्र सुरुवातीला कसनुसा हसला. पुढे पुण्याच्या एका महाविद्यालयात मुलाखतीला गेला असता त्याने गावाचे नाव सांगितले, आणि समोर बसलेल्यांपैकी एकाने हसून विचारले, ‘मले-मलावाले का तुम्ही?’ नोकरी मिळाली नाही. ती त्यामुळेच मिळाली नाही असे म्हणायला पुरावा नाही. पण त्याने तसेच मानले, आणि त्या दिवसापासून अमडापूरला येणे बंद केले. आज तो जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात प्राध्यापक आहे. विषय मराठी.

त्या रविवारी मी अडीचला पोहोचलो. चक्की बंद होती. ओट्यावर पाणी मारलेले होते. साडू खुर्चीवर बसून मांडीवर बोटे आपटत होते, आणि मी त्यांना ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदाच त्या बोटांना ठेका नव्हता. मेव्हणीने मला आत बोलावले.

‘सकाळपासून जेवले नाई. तीनदा शर्ट बदलला. मले पाहाले आले तवा एकच घालून आले होते.’

‘काय ठरवलंय त्यांनी?’ मी विचारले.

‘मले काय सांगतात? महिना झाला, दार लावून कॉम्प्युटरपाशी बसून राह्यले.’

प्राध्यापक तीन वाजून दहा मिनिटांनी आले. उंच, सावरून चालणारे, खिशात दोन पेन. घसा बसलेला होता. त्यांनी मला नमस्कार केला, साडूंकडे पाहिले नाही.

‘कागद कुठे आहेत?’

‘पैले पानी तं घ्या, भाऊजी,’ मेव्हणी म्हणाली. ‘इतके दिवसांनं आले.’

त्यांनी पाणी घेतले. आम्ही मागच्या खोलीत बसलो. भिंतींवर खिळे होते, गोधड्या नव्हत्या. करारनामा मी टेबलावर ठेवला. त्यांनी त्याला हात लावला नाही.

‘माझी एक अट आहे,’ ते म्हणाले. ‘ते काढून टाकायचं. मग सही.’

‘काय काढाचं?’ साडू म्हणाले.

‘तुला माहीत आहे.’

‘तोंडानं म्हन ना.’

‘मी ते म्हणणार नाही.’

मला त्या वेळी निकाल स्पष्ट दिसत होता. ज्या माणसाने गाण्यातला खोकला हलवू दिला नाही, तो त्याचे धृपद कापू देणे शक्य नव्हते. सही होणार नव्हती, तबकडी निघणार नव्हती. पण साडूंचा जीव तबकडीत नव्हता हेही मला दिसत होते. समोरचा माणूस आता उठला असता तर पुन्हा आला नसता.

साडूंनी कॉम्प्युटर सुरू केला. पाठमोरे राहूनच म्हणाले, ‘काढलं.’

मेव्हणी दारात पोह्यांच्या ताटल्या घेऊन उभी होती. ती तशीच राहिली.

पाचवे गाणे लागले. पहिले कडवे झाले. मग ज्या जागी तो दीड सेकंद यायचा, तिथे नुसता पट्टा वाजू लागला. टक, आणि जरा उशिरा टक. आठ फेऱ्या. मी त्या मोजल्या. खोलीतल्या चौघांच्याही मनात काय वाजत होते हे चौघांनाही माहीत होते. प्राध्यापक फरशीकडे पाहत होते. गाणे संपल्यावर त्यांनी घसा साफ केला.

‘आता तर जास्तच ऐकू येतं,’ ते म्हणाले.

‘हाव. मलेबी तसंच वाटलं. पन तू म्हनशील तं हेच मुंबईले जाईन.’

पोहे टेबलावर आले.

‘मूळचं लाव,’ प्राध्यापक म्हणाले.

‘काऊन?’

‘मी ते कधी पूर्ण ऐकलेलं नाही.’

साडू पहिल्यांदाच वळून त्यांच्याकडे पाहू लागले. सगळ्या जिल्ह्याला पाठ असलेले गाणे ज्याच्या आवाजात होते, त्याने ते पूर्ण ऐकले नव्हते. लोकांच्या तोंडून मात्र तो ते वीस वर्षे ऐकत आला होता. साडूंनी मूळचे लावले. मले-मला, मले-मला. प्राध्यापकांचे डोळे मिटलेले होते. धृपद संपताना ते एकदम उघडले.

‘मागे घे.’

साडूंनी मागे घेतले. पुन्हा आठ फेऱ्या झाल्या.

‘शेवटी “मला” नाही.’

‘नाई.’

‘आठव्या वेळी “मले”वरच थांबतं. पुढचं तोडलंय.’

‘हाव.’

‘मुद्दाम?’

‘मंग काय लाइन गेली होती?’ साडू म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. ‘तू “मले” म्हनला ना, तवा तुह्या आवाजात दम होता. “मला” म्हनला तवा तू इकडंतिकडं पाह्यलं. ते आयकू येते लेका. म्या सात डाव तुले “मला” म्हनू देलं. आठव्या डावाले थांबवलं.’

‘लोक मला हसत होते.’

‘इथं कोनी हसत नोतं बे. म्हनत होते.’

‘पुण्यात हसले.’

पोह्यांतला एक शेंगदाणा साडूंनी बोटाने बाजूला केला. ‘तुले इचारलं नोतं म्या,’ ते म्हणाले. ‘तेवढं माह्यावर हाय.’

माझ्या माहितीत साडूंनी कोणाची माफी मागितल्याची ही एकमेव नोंद आहे, आणि तिच्यात माफी हा शब्द नाही. प्राध्यापकांना ती पुरली की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही. त्यांनी करारनामा ओढून घेतला आणि तो पहिल्या ओळीपासून, उत्तरपत्रिका वाचावी तसा, वाचायला सुरुवात केली. चौथ्या पानावर गाण्यांची यादी होती. तिथे ते थांबले. खिशातून लाल पेन काढले.

पाचव्या गाण्याचे नाव कंपनीने ‘मला-मला’ असे छापले होते. टंकलेखन करणाऱ्याला पहिला शब्द चुकलेला वाटला असणार, आणि त्याने तो सुधारला होता. मी ते पान दोनदा वाचले होते. माझ्या नजरेतून ते सुटले होते. प्राध्यापकांनी पहिला ‘मला’ आडव्या रेघेने कापला, वर स्वच्छ अक्षरात ‘मले’ लिहिले, समासात दुरुस्तीची खूण करून आद्याक्षरे घातली, आणि मग दुसरे पेन काढून शेवटच्या पानावर सही केली. साडूंनी आपली सही कुठे करायची ते मला दोनदा विचारले.

निघताना ओट्यावर साडू म्हणाले, ‘अजून एखादं करू काय?’

‘आवाज राहिला नाही. वर्गात बोलून गेला.’

‘आवाज कोनाले पाह्यजे? तू नुसता ये अन् चूक.’

प्राध्यापक हसले. गाडीला किक मारली. येतो म्हणाले नाहीत, आणि येत नाही असेही म्हणाले नाहीत.

याला आता तीन महिने झाले. तबकडीचे काम सुरू असल्याचे कंपनी कळवते. प्राध्यापक अजून आलेले नाहीत. त्यांच्या परीक्षा असतात, घर लांब आहे, आणि सोळा वर्षांची सवय एका दुपारात मोडत नाही हे साडूंनाही कळते. मागच्या खोलीत गोधड्या पुन्हा टांगलेल्या मी पाहिल्या. रविवारी दुपारी दोन ते पाच चक्की बंद असते. कारण विचारले तर ते पाठ दुखत असल्याचे सांगतात. सुरुवातीला बायका दळणाचे डबे घेऊन परत जायच्या. आता त्या काही विचारत नाहीत. रविवारचे दळण सकाळीच आणतात.